कॉस्टिकची मूठ

१

जेवणाची सुटी संपल्याचा भोंगा वाजला. लोखंडी फाटके व खिडक्यांच्या जाळ्या बनविणाऱ्या त्या कारखान्यातील माणसे हात पुसत आपापल्या यंत्रांकडे वळली. नेमक्या त्याच वेळी मागील धुलाईच्या शेडमधून रंगाऱ्याची अशी किंकाळी उठली की, ग्राइंडर चालविणाऱ्याच्या हातचा ग्राइंडर खाली पडून फरशीवर गरगर फिरू लागला.

कारखान्याचे मालक तेथे पडलेले होते. जुन्या जाळ्यांचा रंग उतरविण्यासाठी ज्या पिंपात कॉस्टिक सोडा कालवीत, त्या पिंपाशी त्यांचे मस्तक टेकलेले होते. वस्तुतः त्यास मस्तक म्हणणे हेही धारिष्ट्याचेच होते. गॅसच्या सिलिंडरचा जड पाना शेजारी पडला होता व त्यास केस चिकटले होते. माणूस मारावयास एक घाव पुरतो. येथे मारेकऱ्याने माणूस मेल्यानंतरही हात थांबविला नव्हता. रक्त कॉस्टिकच्या पाण्यात मिसळून साबणाप्रमाणे बुळबुळीत झाले होते आणि पंचनाम्यासाठी आलेला हवालदार पहिल्याच पावलाला सपशेल आडवा झाला.

तपासासाठी आलेल्या अधिकाऱ्यांना खात्यात माघारी ‘सुतारपक्षी’ म्हणत, कारण एकदा चोच लावली की ते तीच जागा टोचत राहात. त्यांनी प्रेताची आवळलेली उजवी मूठ उघडली. मुठीत कॉस्टिकच्या पांढऱ्या चकत्या होत्या आणि त्यांनी तळहाताची कातडी पार खाऊन टाकली होती.

नंतर त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिले. भिंतीस सकाळीच रेड ऑक्साइडचा हात मारलेला होता. त्या ओल्या तांबड्या रंगावर पांढऱ्या चकत्या फवाऱ्यासारख्या पसरून चिकटल्या होत्या. मात्र त्या पसाऱ्याच्या बरोबर मध्यभागी एक रिकामी जागा होती. एका डोक्याची आणि दोन खांद्यांची.

“हवालदार, हे काय दिसतं?”

“भिंत खराब झाली, साहेब.”

“भिंत नाही, फोटो आहे तो. मालकांनी मरता मरता मूठ भरून कॉस्टिक मारलं. जे भिंतीवर नाही, ते मारेकऱ्याच्या थोबाडावर आहे.”

“पण फोटोत नाकडोळे कुठायत, साहेब?”

“डोळेच शोधायचे आहेत. कॉस्टिक डोळ्यात गेलेला माणूस लपून राहील होय? बैलासारखा हंबरत असेल कुठेतरी.”

हे शब्द त्यांच्या मुखातून पुरते बाहेर पडले नाहीत, तोच अंगणात एकच गिल्ला उठला.

“सापडला! लाल डोळ्यांचा सापडला! ठेचा त्याला!”

२

अंगणात जे चालले होते, ते पाहून दगडालाही घाम फुटावा. दहाबारा माणसांच्या गराड्यात मालकांचा धाकटा भाऊ गुडघ्यांवर बसला होता. सारा कारखाना त्यास ‘धाकटे’ म्हणूनच ओळखी. त्याचे दोन्ही डोळे रक्तासारखे लाल होते, पापण्या सुजून टम्म झाल्या होत्या आणि गालांवरून पाणी वाहात होते. त्याच्यासमोर सळई घेऊन उभी होती ती दुसरीतिसरी कोणी नसून त्याची सख्खी वहिनी, मालकांची पत्नी होती.

“वहिनी, मी नाही गं! मी गोदामात झोपलो होतो, डोळे उघडवत नव्हते म्हणून...”

“कसे उघडतील? माझ्या माणसानं भरलेत ते! आता मी फोडते!”

धाकट्याने तोंडापुढे हात धरले. सळई खाली आली. मनगट मोडल्याचा आवाज ओल्या लाकडासारखा झाला. दुसरा हात पुढे आला, तोही मोडला. मग इतरांच्या लाथा सुरू झाल्या.

तपासनिसांनी हवेत गोळी झाडली तेव्हा कोठे ती माणसे बाजूला झाली.

मालकिणीचा भाऊ, ज्यास कारखान्यातील सर्वजण ‘मामा’ म्हणत, तो पुढे आला. मामा अंगाने बुटका, परंतु आवाजाने उंच होता.

“साहेब, यात शोधायचं काय राहिलं? सकाळीच दोघा भावांची जुंपली होती. हा ओरडत होता, ‘माझे डोळे आहेत, माझं मी बघेन!’ साऱ्यांनी ऐकलंय.”

“डोळ्यांवरून खून?”

“ते तुम्ही ठरवा. पण उन्हं कलेपर्यंत याला कबूल करवा. नाहीतर तुमची चौकी आणि तुम्ही बघून घ्या. आमची माणसं दवाखान्याचं दारही मोडतील.”

सत्य सांगावयाचे तर त्या क्षणी तपासनिसांनाही धाकटाच खुनी वाटला. उंची भिंतीवरील आकृतीशी जुळत होती, डोळे लाल होते, भांडण झाले होते. एवढे सरळ प्रकरण देवाच्या कृपेनेच मिळते, असे मनाशी म्हणत त्यांनी त्यास जीपमध्ये घातले. पण जीप हलताच धाकटा विव्हळत एक विचित्र वाक्य बोलला.

“साहेब, दादाच मला डॉक्टरकडे ओढून नेणार होता. मीच जायला तयार नव्हतो.”

३

त्या गावात डोळ्यांचा दवाखाना एकच होता आणि त्यातील डॉक्टरीणबाई तपासनिसांची थोरली बहीण होती. जगातील एवढी एकच व्यक्ती सुतारपक्ष्यास घाबरत नसे.

“आलास? राखीला वेळ नाही, आईच्या श्राद्धाला वेळ नाही, आणि कोणाचे हातपाय मोडले की ताई आठवते.”

“ताई, हात नंतर. डोळे बघ आधी. कॉस्टिक गेलंय.”

बाईंनी धाकट्याची हनुवटी यंत्रावर टेकवली. डोळ्यांत पिवळा रंग सोडला आणि निळा दिवा लावला. डोळ्याच्या पृष्ठभागावर जेथे जखम असते, तेथे हा रंग हिरवा चमकतो, हे तपासनिसांना ताईकडून वर्षानुवर्षे ऐकून पाठ होते. ते यंत्राजवळ वाकले. हिरवे असे काही चमकलेच नाही. बुबुळाच्या खालच्या काठाशी टाचणीच्या टोकाएवढे चारदोन ठिपके तेवढे दिसले.

“कॉस्टिक? तुझं डोकं! हे माझे थेंब आहेत.”

“तुझे?”

“डोळ्यातला दाब कमी करायला मीच दिले होते. काही जणांना ते मानवत नाहीत. हे बघ, पापणी उलटली की आतून खडबडीत, साबुदाणा पसरल्यासारखी. आणि गालावर जिथून थेंब ओघळतो, तिथेच कातडी लाल. दोन्ही डोळ्यांत सारखंच. कॉस्टिक असं माप घेऊन पडतं होय?”

“म्हणजे औषधानेच डोळा बिघडला?”

“दाब उतरवला, वरचं अस्तर चिडवलं. औषध काय फुकट काम करतं? त्याचीही मजुरी असते.” बाईंनी निळा दिवा विझविला. त्यांचा आवाज उतरला. “आज सकाळीच याचा भाऊ येऊन गेला रे. ‘धाकट्याचे डोळे चिकटतात, तो ऐकत नाही, उद्या धरून आणतो,’ म्हणाला. मग माझ्या टेबलावरची बाटली उचलून कितीतरी वेळ बघत बसला. ‘हे काय करतं?’ विचारलं. मी सांगितलं. तो चहा तसाच टाकून निघून गेला.”

“कसली बाटली?”

“तपासणीची. डोळा बधिर करायची. रोज टाकली तर माणूस आंधळा होतो.”

खिडकीबाहेर माणसे जमू लागली होती. कोणीतरी फाटकावर दगड मारला. धाकट्याने मोडके हात पोटाशी घेऊन अंग आक्रसले.

“ताई, एवढंच सांग. ज्याच्या डोळ्यात खरंच मूठभर कॉस्टिक गेलं, त्याचा डोळा कसा दिसेल? लालभडक?”

“थोडं गेलं आणि लगेच धुतलं, तर लाल. लाल म्हणजे रक्त खेळतंय, डोळा झगडतोय. पण भरपूर गेलं आणि कोणी धुतलंच नाही, तर...” बाईंनी मान हलविली. “तसं होत नाही. माणूस कळांनी वेडा होतो. गटार दिसलं तरी त्यात तोंड बुडवेल. न धुता कोण राहील?”

“समज राहिला. तर?”

बाईंनी उत्तर दिले, आणि ते ऐकताच तपासनिसांच्या डोळ्यांपुढून कारखान्यातील सारे चेहरे एकामागून एक सरकू लागले.

४

बाहेर दोन हवालदार बंदूक घेऊन उभे करून तपासनीस कारखान्यात परतले. सूर्य पत्र्यांच्या कडेला आला होता. वेळ थोडा होता आणि एका निरपराध माणसाचा जीव त्या वेळेच्या टोकाला लटकत होता.

प्रथम त्यांनी मामास धुलाईच्या शेडमध्ये नेऊन भिंतीस पाठ लावून उभे केले. भिंतीवरील रिकाम्या डोक्याची हनुवटी मामाच्या टाळूवर आली.

“हे काय चाललंय? माझ्यावर संशय?”

“होता. आता नाही. बुटकेपणाचा आयुष्यात एकदा तरी फायदा व्हावा, मामा.”

मग ते वेल्डरांच्या ओळीकडे गेले. काम बंद होते. माणसे बाकांवर बसली होती आणि त्या सर्वांच्या मध्ये, स्टुलावर, कारखान्याचा जुनाजाणता मुख्य वेल्डर बसला होता. त्यास सारे ‘उस्ताद’ म्हणत. धिप्पाड देह, चेहऱ्यावर ठिणग्यांचे जुने-नवे डाग आणि डोळ्यांवर निळा चष्मा. तो इतरांना धीर देत होता.

“रडू नका रे. मालक गेले, कारखाना आहे. साहेब, बसा. चहा सांगू?”

“नको. तुम्ही लोक दिवसभर तो उजेड बघता. डोळ्यांचं काय होतं?”

एक पोरसवदा वेल्डर बोलला, “काय व्हायचं? मुखवटा लावायला चुकलं की संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरते, साहेब. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.”

“मग?”

“मग थंडा.”

“थंडा?”

“उस्तादांकडे असतो. एक थेंब टाकला की गार. दुखणं गायब, लगेच कामाला. आमच्याकडे डॉक्टर-बिक्टर कोण जातो?”

“सुटी पडत नाही, पगार कापत नाही,” दुसरा हसून म्हणाला. “उस्तादांचे तर बघा, आमच्या सगळ्यांचे डोळे टोमॅटो आणि त्यांचे दुधासारखे पांढरे. रोज टाकतात ना!”

उस्तादाने हसून चष्मा वर केला. “सवय आहे साहेब. लोखंडाला घाबरणाराचे डोळे दुखतात.”

खरोखरच त्याचे डोळे पांढरेशुभ्र होते. त्यात एकही लाल रेघ नव्हती. शेडमधून भिरभिरत आलेली एक माशी त्याच्या उजव्या पापणीवर बसली, तेथून कडेकडेने चालत बुबुळाच्या काठापर्यंत गेली आणि तेथील ओलावा चाटू लागली.

उस्ताद हसतच राहिला. त्याची पापणी लवली नाही.

तपासनीस दोन पावले मागे सरले. त्यांनी हवालदारास जवळ बोलावून कानात सांगितले, “जीप घेऊन जा. ताईला आण. आणि मालकीणबाईंना दवाखान्याच्या फाटकावरून इथे आण, हातात सळई असली तरी तशीच आण.”

५

डॉक्टरीणबाईंनी कापसाची एक बारीक वात काढून सर्वांसमोर धरली.

“घाबरू नका. ही तुमच्या बुबुळाला नुसती टेकवणार आहे. डोळ्याचं वरचं अस्तर इतकं हळवं असतं की केस टेकला तरी माणूस मिटतो. मिटणारच. ते तुमच्या हातात नाही.”

मामा मिटला. रंगारी मिटला. पोरसवदा वेल्डर तर वात येण्यापूर्वीच मिटला आणि लोक हसले. नंतर बाई स्टुलापाशी आल्या.

“चष्मा काढा, उस्ताद.”

वात बुबुळास टेकली. डोळा उघडाच राहिला. बाईंनी वात आडवी फिरविली, जणू काचेची खिडकी पुसावी. डोळा उघडाच.

“ताई, आता सगळ्यांना सांग,” तपासनीस म्हणाले, “मघाशी मला सांगितलंस ते. न धुतलेल्या कॉस्टिकचा डोळा कसा दिसतो?”

“पांढरा,” बाई म्हणाल्या. “कॉस्टिक खोल शिरलं की डोळ्याच्या पांढऱ्या भागातल्या रक्ताच्या नळ्या जळून बंद होतात. लाली येणार कुठून? उकडलेल्या अंड्यासारखा होतो. बघणाऱ्याला वाटतं, किती स्वच्छ डोळा. तो मेलेला असतो.”

तपासनीस स्टुलाकडे वळले.

“सगळे लाल डोळा शोधत होते, उस्ताद. मीही. आणि सगळ्या वेल्डरांत एकट्या तुझेच डोळे पांढरे. ज्याला दुखतं तो धुतो. तुला दुखलंच नाही. मालकांकडे जायच्या आधी तू थंडा टाकला होतास, म्हणून तोंडावर मूठ बसूनही तुला वाटलं, नेम चुकला. गाल चुरचुरला, तो पुसलास. डोळे तसेच ठेवलेस आणि वर थंडा टाकत राहिलास. मालकांनी आज सकाळी दवाखान्यात तुझ्या थंड्याचीच बाटली पाहिली आणि ती काय करते ते ऐकलं. परत येऊन त्यांनी तुझा साठा पकडला. खरं की खोटं?”

उस्ताद शांतपणे उठला. पुढच्याच क्षणी त्याने बाकावरील ग्राइंडर उचलून चालू केला आणि आवाजाच्या रोखाने तपासनिसांच्या मानेवर घातला.

तपासनीस खाली वाकले. चाक त्यांच्यामागच्या लोखंडी खांबावर आदळले, ठिणग्यांचा पाऊस पडला, चाकाचा तुकडा उडून उस्तादाचाच कान फाडून गेला. रक्त मानेवरून ओघळले. तो पुन्हा वळला, पण तपासनीस जेथे उभे होते तेथे नव्हे, तर तीन हात डावीकडे वार केला.

“अरे, याला दिसतच नाहीये!” मामा ओरडला.

हवालदाराने वायर उपटली. तपासनिसांनी पाईपचा तुकडा उस्तादाच्या गुडघ्यावर हाणला, गुडघा उलट्या बाजूस मुडपला व तो धिप्पाड देह कोसळला. तरीही तो खिशाकडे हात नेत होता. हवालदाराने मनगट पिरगळून खिशातील बाटली काढली.

“दे ती! कापा मला, पण ती दे! उतरायला लागलंय!”

“पाणी!” बाई गरजल्या. “पाईप लावा नळाला! खुनी असो नाहीतर आणखी कोणी, आधी पाणी!”

चौघांनी त्यास दाबून धरले. बाईंनी स्वतःच्या बोटांनी त्याच्या पापण्या फाकवून धार सोडली. वेळ जाऊ लागला तसा बधिरपणा उतरला आणि कित्येक महिन्यांत ज्या डोळ्यांनी वेदना पाहिली नव्हती, त्यांच्याकडून तिने एकदमच सारी वसुली केली. त्या आक्रोशाने शेडचे पत्रे हादरले.

“मालकानं थंड्याची पेटी पिंपावर धरली! म्हणाला, ओततो सगळं! मी पाय धरले! थंडा नसला की डोळ्यांत निखारे असतात हो! तो म्हणाला, आंधळा होशील, सगळ्यांना आंधळं करशील! मी म्हटलं, पेटी दे! त्यानं एक बाटली ओतली... मग मला काही कळलं नाही. मी मारत सुटलो!”

दारात सळई पडल्याचा आवाज झाला. मालकीणबाई तेथे केव्हापासून उभ्या होत्या, ते कोणाच्या ध्यानी आले नव्हते. त्या उस्तादाच्या अंगावर धावून जातील म्हणून हवालदाराने हात आडवा केला. पण त्या उस्तादाकडे पाहतच नव्हत्या. त्या आपल्या उजव्या हाताकडे पाहात होत्या.

६

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या खोलीत धाकटा उताणा पडला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होते. डॉक्टरीणबाईंनी जुने थेंब बंद करून नवे दिले होते. ते नेमाने डोळ्यांत पडले पाहिजेत, नाहीतर दाब वाढून दृष्टी जाईल, असे बजावले होते.

“घालणार कोण?” बाईंनी विचारले. “नर्सबाई रोज तुझ्या घरी येणार नाही. घरी कोण आहे?”

धाकट्याने भिंतीकडे तोंड फिरविले. घरी दादा होता.

तपासनीस जबानीचे कागद आवरीत होते. त्यांनी मान वर केली. दाराशी मालकीणबाई उभ्या होत्या. कपाळ उघडे, केस विस्कटलेले. त्यांनी डॉक्टरीणबाईंपुढे हात पसरला. बाईंनी क्षणभर भावाकडे पाहिले आणि बाटली त्या तळहातावर ठेवली.

मालकीणबाई खाटेशी गेल्या. धाकट्याचे सारे अंग ताठ झाले. प्लास्टरचे दोन्ही हात आपोआप तोंडासमोर आले, काल आले होते तसेच, आणि तेथेच अडकून राहिले.

“भावजी,” त्या म्हणाल्या.

मग धाकट्याने एक हात खाली घेतला. नंतर दुसरा. त्याने मान मागे टाकली आणि सुजलेला, लाल डोळा जेवढा उघडता येईल तेवढा, त्या हाताखाली उघडा धरला.

वहिनींच्या हातून पहिला थेंब त्याच्या नाकावर पडला.

“वहिनी,” धाकटा म्हणाला, “नाक बरं आहे गं माझं. जरा उजवीकडे.”

दुसरा थेंब डोळ्यात पडला.